भिंतीवर कोणते छायाचित्र लावावे: झेंडा की चरखा?

ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि जिथे १९२४ साली गांधीजी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, तिथल्या मराठी वाचनालयात ही दोन्ही छायाचित्रे शोभतील. अमेरिकी छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी दुसऱ्या महायुद्धात, २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, जपानच्या इवो जिमा बेटावरील लढाईत टिपलेले सहा अमेरिकी सैनिकांचे झेंडा उभारण्याचे दृश्य पाहताक्षणी पकड घेते. मात्र तो त्या दिवशीचा दुसरा, मोठा झेंडा होता आणि सहापैकी तीन सैनिक पुढे त्याच लढाईत मारले गेले, हे चित्रावरून कळत नाही. अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या १९४६ च्या छायाचित्रात चरखा पुढे आणि वाचत बसलेले गांधीजी मागे आहेत. सूतही कातले जात नाही, तरी नजर तिथेच खिळते. एकच चौकट लावायची असेल, तर मी चरखा निवडेन.