ट्रोव्हची झडती : १९२०च्या दशकातला 'ब्रॉडकास्ट' शोधताना

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ट्रोव्ह' ही सेवा २००९पासून चालू आहे. जुनी वर्तमानपत्रं तिथं मोफत आणि मूळ पानाच्या छायाचित्रासकट वाचता येतात. फुकट ते पौष्टिक, हे खरंच. पण एखाद्या दशकातले पत्रकार एक साधा शब्द कसा वापरत होते हे काढायला ती कितपत कामाची, हे बघायचं तर तिच्यापुढे जरा वांड शब्द टाकावा. 'ब्रॉडकास्ट' त्याला उत्तम. मुळात हा शब्द शेतीतला : बी ओळीत न पेरता फोकून देणं. त्यावरूनच पत्रकं किंवा अफवा 'ब्रॉडकास्ट' पसरल्या असं लिहिलं जाई. मग २३ नोव्हेंबर १९२३ला सिडनीत '२एसबी' हे रेडिओ केंद्र सुरू झालं आणि तोच शब्द बिनतारीच्या रकान्यात जाऊन बसला. त्या दशकात हे तिन्ही अर्थ वापरात होते, त्यामुळे शोधयंत्राची खरी परीक्षा इथंच होते.

नुसता शब्द टाकला तर निकालांचा ढिगारा अंगावर येतो. ट्रोव्ह शब्दाचं मूळ रूप धरून शोधतं, म्हणजे 'ब्रॉडकास्टिंग' वगैरे सगळं गोतावळ्यासकट हजर. नेमकं तेवढंच रूप हवं असेल तर शब्दाआधी इंग्रजीत 'फुलटेक्स्ट' लिहून विसर्गासारखे दोन टिंब द्यायचे, मध्ये जागा सोडायची नाही. ही सोय शोधाच्या चौकटीपाशी ठळक दिसायला हवी होती. ती मदतपानांत दडलेली आहे. त्यापुढची पायरी जोडशब्दांची. 'सोन ब्रॉडकास्ट' (फोकून पेरलेलं) आणि 'स्कॅटर्ड ब्रॉडकास्ट' (सर्वदूर पसरलेलं) हे दोन शोध अवतरणचिन्हांत वेगवेगळे चालवले की शेती आणि अफवा बऱ्यापैकी सुट्या होतात. शब्द लागून नसतील तर अवतरणचिन्ह मिटल्यावर नागमोडी रेघ आणि ५ हा आकडा द्यावा. मध्ये काही शब्द आले तरी चालतं.

आता सगळ्यात फसवी जागा : आकडे. वर्षागणिक निकाल मोजून आलेख काढायचा मोह होतो, पण तो आलेख तीन कारणांनी खोटं बोलतो. एक, रेडिओ केंद्रं वाढली तसे रोजचे कार्यक्रमांचे तक्ते छापून येऊ लागले. ते सगळे मोजणीत धरले जातात आणि त्यात पत्रकारिता काडीचीही नसते. निकालांच्या बाजूला दिसणाऱ्या गाळण्यांत 'लेख' हा प्रकार निवडून जाहिराती आणि याद्या बाहेर काढाव्यात, तरी वर्गवारी चुकल्यामुळे काही तक्ते आत राहतातच. दोन, परदेशातून तारेनं आलेली एकच बातमी गावोगावच्या पत्रांत जशीच्या तशी छापली जाई. ती वीस ठिकाणी सापडली म्हणून वीस पत्रकारांनी शब्द वापरला असं होत नाही. तीन, दर वर्षाची सारखीच पत्रं चढवलेली नाहीत. म्हणून सगळ्या देशाऐवजी दोनच पत्रं पक्की धरावीत : शहरासाठी 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड', शेतकऱ्यांसाठी पर्थचं 'वेस्टर्न मेल'. दोन्ही त्या दशकात सलग चालू होती. निकाल तारखेनुसार, जुन्याकडून नव्याकडे लावावेत. आपोआप येणारा 'सुसंगती'चा क्रम या कामाला निरुपयोगी.

मजकूर यंत्रानं वाचलेला आहे, तोही बहुतेक मायक्रोफिल्मवरून. पुसट छपाईत 'सी'चं 'ई' होतं, 'बी'चं 'एच'. ती चुकीची स्पेलिंगंही मुद्दाम टाकून बघावीत, हाती काहीतरी लागतंच. अरुंद रकान्यात ओळीच्या शेवटी शब्द तुटून 'ब्रॉड' वर आणि 'कास्ट' खाली गेला असेल तर साधा शोध त्याला हुकतो. दोन तुकडे अवतरणचिन्हांत सुटे लिहावेत. अशी चूक दिसली तर कोणीही ती ओळ तिथल्या तिथे सुधारू शकतो, कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. छापलंय तसंच उतरवायचं, जुनं स्पेलिंग 'नीट' करायचं नाही. ट्रोव्हचं खरं वैभव हेच. पैसे घेणारे कित्येक संग्रह वाचकाला मजकुराला हातसुद्धा लावू देत नाहीत.

अर्थ ठरवताना मात्र यंत्रानं वाचलेल्या मजकुरावर विसंबू नये, पानाचं छायाचित्र उघडावं. गव्हाच्या भावाखाली आलेलं वाक्य आणि नाटकांच्या जाहिरातीशेजारी आलेलं वाक्य यांचा अर्थ बहुतेकदा जागेवरूनच कळतो. टिपण ठेवताना लेखाचा कायमचा दुवा घ्यावा. शोधाच्या पानाचा पत्ता जपून उपयोग नाही, पुढे निकाल बदलतात.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण लपवलेल्या शोधचिन्हांबद्दल. १९५४नंतर बहुतेक पत्रं कॉपीराइटच्या हक्कांमुळे थांबतात, त्याला ग्रंथालयाचा इलाज नाही. १९६० किंवा १९७०चं दशक हवं असेल तर १९९५पर्यंतचं 'कॅनबेरा टाइम्स' आणि १९८२पर्यंतचं 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' हे दोन मोठे अपवाद तेवढे हाताशी आहेत.