पीजी की भाड्याचा फ्लॅट?

प्रवेशयादी लागली की सांगली-जळगावकडची मुलं एकदमच मुंबईत खोली शोधू लागतात. त्या घाईत आधी पीजीच, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून जागा, घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. बॅग टाकली की राहता येतं, डिपॉझिट कमी, ब्रोकर लागतोच असं नाही. मात्र जेवण, रात्री परतायची वेळ आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.

फ्लॅटमध्ये मोकळीक जास्त, पण डिपॉझिट आणि दलाली एकदम भरावी लागते. करार बहुधा ११ महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ‘नोटरी पुरे’ म्हणणाऱ्याकडे डिपॉझिट अडकवू नका.

जागा सकाळी आठ-साडेआठलाच बघा. नळ सोडून पाहा, पाणी किती वाजेपर्यंत असतं ते शेजाऱ्यांना विचारा, मग तिथूनच कॉलेज गाठा. डोंबिवलीचं भाडं परवडतं, पण कालिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या संकुलात, जायचं तर गर्दीच्या लोकलने कुर्ला, पुढे बस. आणि हे रोज!

फ्लॅट दिवाळीनंतर शोधा, तोवर वर्गातले भरवशाचे जोडीदार कळलेले असतात.