तोंडावर फवारायचं सनस्क्रीन: पाचपैकी दोन

सोलापूरचा एप्रिल, आणि आमची मुक्ता सकाळी साडेसातपासून खो-खोच्या मैदानावर. क्रीम चोळून घ्यायला तिला धीर नसतो, म्हणून झिंक ऑक्साइडचा हा स्प्रे आणला. १०० मिली, ६४९ रुपये. दोनदा फवारलं की झालं. पांढरा थर नाही, चिकटपणा नाही. आठवडाभर मीही खूश होते.

मग एका सकाळी, खिडकी बंद असताना, घाईघाईत थेट तिच्या तोंडावर मारला. तिला लहानपणापासून दमा आहे. असा खोकला लागला की पंप द्यावा लागला. झिंकमुळेच लागला असं मी म्हणणार नाही, स्प्रेत अल्कोहोल आणि वायूही असतो. पण त्या रात्री डब्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचून काढली.

झिंक ऑक्साइड मुळात पांढरंफेक. कण १०० नॅनोमीटरपेक्षा बारीक केले (यालाच ‘नॅनो’ म्हणतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) की ते डोळ्यांना दिसेनासं होतं, अतिनील किरण मात्र अडवतं. म्हणजे ‘पांढरा थर नाही’ असं लिहिलेलं दिसलं की कण किती बारीक हे विचारायलाच हवं. धडधाकट कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे हे कण सहसा जात नाहीत, त्यामुळे क्रीमची मला भीती वाटत नाही. फुप्फुसांना तसा थर नाही. युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षेच्या वैज्ञानिक समितीने त्वचेवर २५ टक्क्यांपर्यंत नॅनो झिंक ऑक्साइड सुरक्षित मानलं, पण श्वासात जाऊ शकेल अशा स्प्रेला नको म्हटलं. तिथे २०१३ पासून घटकांच्या यादीत ‘नॅनो’ हा शब्द छापावाच लागतो. माझ्या डब्यावर तो आहे-नाही काहीच कळत नाही. कंपनीला फोन केला, तर ‘फॉर्म्युला गोपनीय आहे’ एवढंच उत्तर. लेकराच्या श्वासात काय जातंय हे आईने विचारलं तर ते गोपनीय कसं?

माझा दादा एमआयडीसीत वेल्डर आहे. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा (झिंकचा) मुलामा दिलेल्या पत्र्यावर काम केलं की त्याला रात्री थंडी वाजून ताप येतो. जस्ताच्या धुरातही झिंक ऑक्साइडचेच अतिसूक्ष्म कण असतात. त्याच्या छातीत जातं त्यापुढे स्प्रेतलं काहीच नाही, हे मला कळतं. तरी तो डबा हातात घेऊन म्हणाला, “हे पोरीच्या तोंडावर नको मारू गं.”

ऊन अडवतो, त्याचे दोन गुण. दमा असलेल्या मुलांच्या घरी मात्र आणू नका. असंच ऊन अडवणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्प्रेलाही माझं हेच म्हणणं. उरलेला डबा मी गच्चीवर जाऊन तळहातावर घेते आणि माझ्या पायांना चोळते. मुक्ताला आता झिंकचीच ट्यूब आणलीय. गाल पांढरे दिसतात म्हणून ती कुरकुरते, आणि मी कानाच्या पाळ्यांपर्यंत चोळते.