दोन इंजिनांच्या बोटीसाठी घेतलेल्या बॅटऱ्या आणि झालेली फसवणूक

मालवण-देवबाग भागात दोन आऊटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेल्या) इंजिनांची बोट चालवणाऱ्यांना सावध करण्यासाठी हे लिहीत आहे. पावसाळी बंदी उठण्याच्या सुमारास एका विक्रेत्याने मला तीन ‘मरीन’ बॅटऱ्या विकल्या. प्रत्यक्षात त्यांपैकी एकच नवी होती. उरलेल्या दोन भंगारातून आणून, धुऊन, आम्ल बदलून, वर नवे स्टिकर चिकटवलेल्या होत्या. हे बरेच दिवस उघड झाले नाही, याचे कारण त्याने केलेली जोडणी.

अशा बोटीवर प्रत्येक इंजिनाच्या सेल्फसाठी, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरसाठी, स्वतंत्र बॅटरी असावी आणि फिशफाइंडर (मासे शोधायचे यंत्र), जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ व दिवे यांच्यासाठी तिसरी असावी, म्हणजे नांगरावर असताना उपकरणांनी तिसरी बॅटरी उतरवली तरी इंजिने सुरू होतात. सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा अधिक असतात, कारण तिला क्षणभरच पण मोठा करंट द्यायचा असतो. उपकरणांच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, त्यामुळे ती पुन:पुन्हा खोलवर उतरणे सोसते. मी हीच मांडणी मागितली होती. विक्रेत्याने मात्र ‘तिन्ही एकत्र बांधल्या तर ताकद तिप्पट होते’ असे सांगून त्या समांतर जोडल्या, आणि ही जोडणी बदलल्यास वॉरंटी राहणार नाही, अशी अट घातली. एकत्र बांधलेल्या संचात चांगली बॅटरी दुबळ्यांचा भार वाहते, त्यामुळे दोन्ही इंजिने रोज सुरू होत राहिली. शिवाय दुबळ्या बॅटऱ्या चांगलीलाही हळूहळू उतरवत होत्या.

निवतीच्या खडकांजवळ डायव्हिंगसाठी थांबलो असताना दोन्ही इंजिनांचे सेल्फ एकदमच गप्प झाले. माझ्या बोटीएवढ्या मोठ्या अश्वशक्तीची इंजिने दोरीने ओढून सुरू होत नाहीत. जवळच्या एका बोटीने स्वतःची बॅटरी दिली म्हणून पर्यटकांना घेऊन परतता आले. दोन इंजिने घेण्याचा हेतूच एक बंद पडले तर दुसऱ्याने किनारा गाठावा हा असतो, आणि तो त्या जोडणीने पार मोडीत काढला होता.

मेकॅनिकने बॅटऱ्या सुट्या केल्या, पूर्ण चार्ज केल्या आणि रात्रभर तशाच ठेवून सकाळी मोजल्या. पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. एक बॅटरी तशी होती, तर एकीचे माप १०.५च्या आसपास अडकले होते, म्हणजे सहापैकी एक सेल मेलेला. तिसरी मोजताना ठीक वाटली, पण लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून तपासणारे यंत्र) लावताच कोसळली. स्टिकर सोलल्यावर खाली इन्व्हर्टरच्या बॅटरीचे लेबल निघाले, आणि कवचावरचा उत्पादनाचा सांकेतिक क्रमांक घासून काढलेला होता. नव्या स्टिकरवर १०० अँपिअर-अवर ही साठवणक्षमता ठळक छापली होती, मात्र सेल्फसाठी महत्त्वाचा असलेला क्रँकिंग करंट, म्हणजे इंजिन सुरू करताना बॅटरी क्षणभर देऊ शकते तो करंट, कोठेही दिलेला नव्हता. इंजिनाच्या पुस्तिकेत तो किमान किती हवा हे दिलेले असते. ते पान दुकानात सोबत न्यावे. लोड टेस्ट आपल्यासमोर, प्रत्येक बॅटरी वेगळी ठेवून करून घ्यावी आणि बिलावर प्रत्येकीचा सिरीयल नंबर लिहून घ्यावा.

‘खाऱ्या पाण्याने बिघडल्या’ हे विक्रेत्याचे पहिले उत्तर होते. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर, बोट धंद्याची असल्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, असे तो म्हणू लागला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो हे खरे. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही. मी बोट स्वतः चालवतो. त्याने पक्के बिल दिले नव्हते, तरी यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, सोललेल्या स्टिकरची छायाचित्रे आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. त्या दोन बॅटऱ्या पुरावा म्हणून तशाच ठेवल्या आहेत.