चाळीस एचपीचा जुना ट्रॅक्टर, शिकाऊ बाईच्या सीटवरून

घरचा ट्रॅक्टर बारा वर्षांचा. तीन सिलिंडर, चाळीस एचपी, पुढचे आठ गिअर, मागचे दोन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातले जुने ट्रॅक्टर बरेचसे असेच असतात. माझं भांडण क्लचशी आहे.

उन्हाळ्यात यांची कंबर धरली, डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद सांगितला. ड्रायव्हर मिळेना. मग वैरागजवळच्या आमच्या मोकळ्या रानात पुतण्यानं मला सीटवर बसवलं. ट्रॅक्टर शिकवणारी सरकारी संस्था मध्य प्रदेशात बुदनीला आहे म्हणे. आमची बुदनी गोठ्यामागं.

गिअर मधोमध, दोन पाय दोन बाजूंना. साडीवर बसणं शक्यच नाही. यांची जुनी पँट घातली. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी पँट ढिली होते म्हणून नाडी घालून दिली.

आता क्लच. माझी उंची पाच फूट. सीट पुढं ओढूनही पाय तळापर्यंत पोचत नाही, दरवेळी कंबर उचलून दाबावा लागतो. अर्धवट दाबला की गिअर करकरतो. वर पुतण्याचा ओरडा, "काकू, पाय काढा क्लचवरनं, प्लेट जळंल!" पाठीमागं दुमडलेली गोधडी लावली तेव्हा जमलं. पहिल्या दिवशी चावी बंद केली तरी इंजिन चालूच. स्टॉपर ओढायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं, सगळ्यांना वाटलं मला माहीत असेल.

बाकी गडी गुणाचा. 'लो'ला, म्हणजे कमी वेगाला टाकून पहिल्या गिअरात इतका सावकाश चालतो की शेजारून चालणारी म्हातारी पुढं जाईल. हाताचा अ‍ॅक्सिलरेटर एकदा लावला की पायाला काम नाही. ब्रेक दोन. बांधापाशी वळताना आतल्या बाजूचा एकच दाबला की जागच्या जागी फिरतो, आणि हे मला फार आवडतं. रस्त्यावर जाताना मात्र दोन्ही पेडल पट्टीनं जोडायचे, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर उलटू शकतो.

रानात कुळवाची पाळी घालताना पहिल्या ओळी सापासारख्या आल्या. मी सारखी चाकाकडं बघत होते. पलीकडच्या बांधावरची बाभूळ नजरेत धरून चालवायला लागले तशा सरळ झाल्या.

अवघड म्हणाल तर अवजार जोडणं. रिव्हर्स घेऊन भोकासमोर भोक आणायचं, आधी ट्रॅक्टरचा मागचा डावा हात (अवजार उचलणारा दांडा), मग उजवा, कारण उजव्याला खालीवर करायला हँडल असतं, शेवटी वरचा दांडा, टॉपलिंक. मला अजून चार खेपा लागतात. माती भुसभुशीत करणारा रोटर तर पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर मागं फिरणाऱ्या शाफ्टवर, मिनिटाला 540 फेरे. शाफ्टवरचं कव्हर फुटलेलं होतं, ते नवीन बसवल्याशिवाय मी हातच लावला नाही. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, कुणाला काही वाटत नव्हतं!

पाचपैकी साडेतीन. जुना ट्रॅक्टर घरातल्या बाईसाठी बघत असाल तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी तिला सीटवर बसवा आणि क्लच तळापर्यंत दाबायला सांगा. व्यवहाराला जाताना एक गोधडीही न्या.