मेमरी बिघडल्यावर कर्नलने सावरावं की थांबावं?

ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखणारी मेमरी, एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करते आणि तिची नोंद रासडीमन किंवा एमसीईलॉग या हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पडते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चूक दुरुस्तीपलीकडची निघाली आणि अमुक फिजिकल पत्त्यावरचा डेटा गेला असं हार्डवेअरने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कळवलं. आता काय करायचं?

लिनक्समध्ये हे व्हीएम (व्हर्च्युअल मेमरी) गटातल्या मेमरी_फेल्युअर_रिकव्हरी या सेटिंगवर ठरतं. ती मुळात 1 असते, म्हणजे कर्नल तेवढं पेज (मेमरीचा सहसा 4 केबीचा तुकडा) बाजूला काढून मशीन चालू ठेवायची धडपड करतो. 0 केलीत तर तिथेच पॅनिक, म्हणजे कर्नल सगळं मशीन थांबवतो. मी दोन्ही पद्धती वेगवेगळ्या कामांच्या सर्व्हरांवर चालवल्या आहेत आणि डेटाबेसच्या सर्व्हरांवर शेवटी 0 वर स्थिरावलो आहे. सगळ्यांनी तेच करावं असं म्हणणार नाही, पण का केलं ते नीट सांगायचं आहे.

आधी सावरण्याच्या बाजूने बोलतो, कारण त्या कोडबद्दल मला मनापासून आदर आहे. 2009 च्या शेवटी आलेल्या 2.6.32 आवृत्तीपासून एचडब्ल्यूपॉयझन, म्हणजे बिघडलेलं पेज वेगळं काढणारा हा कोड, कर्नलमध्ये आहे. मेमरी कुठल्याही क्षणी बिघडते. ते पेज त्या वेळी कोणाच्याही हातात असू शकतं, कुठलंही लॉक धरलेलं असू शकतं, आणि हे सगळं गृहीत धरून त्याला ओळखून वेगळं काढायचं असतं. काम अवघड आहे आणि बहुतेक वेळा ते चोख होतं. पेज मोकळं असेल तर ते मोकळ्या पेजेसच्या यादीतून काढलं जातं, कोणाला पत्ताही लागत नाही. फाइलचं क्लीन पेज (डिस्कवर तशीच प्रत असलेलं) असेल तर ते टाकून देऊन पुढच्या वेळी डिस्कवरून वाचलं जातं. एखाद्या प्रोसेसच्या हीपमधलं (तिच्या स्वतःच्या कामाच्या मेमरीतलं) असेल तर त्याला हात लावणाऱ्या प्रोसेसला सिगबस हा, सहसा तिला संपवणारा, सिग्नल मिळतो, बाकीचं मशीन चालू राहतं. कर्नलच्या स्वतःच्या पेजेसना मात्र, म्हणजे स्लॅब (कर्नलच्या अंतर्गत नोंदींची मेमरी) किंवा पेज टेबलांना (मेमरीच्या पत्त्यांच्या नकाशांना), वाली नाही. तिथला बिघडलेला डेटा कर्नलने वाचला की सेटिंग 1 असली तरी सहसा पॅनिकच होतो.

व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर तर हा सगळा प्रकार बघण्यासारखा आहे. क्यूइमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) तो सिग्नल स्वतः पकडतं आणि गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, मशीन चेक (हार्डवेअर बिघाडाची सूचना) पाठवतं. मग गेस्टमधला कर्नल आपल्या परीने तेच सगळं करतो. म्हणजे होस्टचं एक पेज गेलं तर कदाचित एकाच गेस्टमधली एकच प्रोसेस जाते आणि शेजारच्या गेस्टना काही कळतही नाही. अशा होस्टवर 0 ठेवणं म्हणजे एका पेजपायी सगळ्यांना खाली ओढणं. तुमचं काम हे असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, 1 ठेवा.

मधला एक पर्याय अर्ली किलचा. बऱ्याच चुका कोणी वाचायच्या आधीच सापडतात, कारण मेमरी कंट्रोलरचा स्क्रबर मागून सगळी रॅम तपासत फिरत असतो. अशा वेळी ते पेज ज्यांच्याकडे मॅप आहे त्यांना लगेच सिग्नल द्यायचा, की कोणी हात लावेपर्यंत वाट बघायची, एवढंच ही सेटिंग ठरवते. ज्या प्रोसेसने प्रत्यक्ष खराब डेटा वाचायला घेतला तिच्या नशिबात काही फरक पडत नाही. प्रोसेस पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने स्वतःपुरतं हे मागू शकते, क्यूइमू तेच करतं. ज्या प्रोग्रॅमला सिगबस हाताळता येतो त्याने असं मागून घ्यावं. सगळ्या मशीनसाठी ही सेटिंग चालू करायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

आता ज्या गोष्टीने माझं मत फिरवलं तिच्याकडे येतो. फाइलचं डर्टी पेज.

डर्टी पेज म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेला, पण अजून डिस्कवर न पोचलेला डेटा. त्याची जगात एकच प्रत असते आणि ती या रॅममध्ये. ती गेली की कर्नल काय करतो? त्या फाइलच्या मॅपिंगवर आयओ एररची खूण करतो, पेज फेकून देतो आणि लॉगमध्ये सावरल्याची नोंद टाकतो. ही एरर पुढच्या एफसिंकला (डेटा डिस्कवर पोचवायला सांगणाऱ्या कॉलला) दिसते आणि दिसली की पुसली जाते. कर्नल 4.13 पासून प्रत्येक उघड्या फाइल डिस्क्रिप्टरला ती एकेकदा दिसते, ही सुधारणा मोठीच आहे. पण कोणी तरी ती एकदा पाहिल्यानंतर जो ती फाइल नव्याने उघडतो त्याला सगळं आलबेल दिसतं. मेमरी-फेल्युअर डॉट सी या फाइलमधल्या टिपणीत हा प्रश्न उघडपणे मांडलेला आहे. लिहिणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही, पण ती टिपणी वाचायला जातो कोण?

हे स्वतः बघायला वेळ लागत नाही. एखाद्या चाचणीच्या मशीनवर आधीपासूनची एक फाइल एममॅपने शेअर्ड उघडा (म्हणजे फाइल थेट मेमरीत दिसते), तिच्या एका पेजमध्ये जुन्या अक्षरांवर नवी अक्षरं लिहा आणि ती डिस्कवर जायच्या आत रूटच्या अधिकाराने त्या पेजवर एमअॅडव्हाइज करून एचडब्ल्यूपॉयझन सांगा, म्हणजे ते पेज मुद्दाम बिघडलेलं ठरवा. मी ईएक्सटी4 फाइल सिस्टिमवर केलं तेव्हा पहिल्या एफसिंकला ईआयओ (ती आयओ एरर) आला, दुसरा एफसिंक बिनतक्रार शून्य घेऊन परतला. मग दुसऱ्या टर्मिनलमधून साध्या कॅट कमांडने ती फाइल वाचली, तर जुनी अक्षरं समोर. कॅटला एरर नाही, इशारा नाही. मशीन छान चालू, लोड नेहमीचा, मॉनिटरिंग हिरवं. प्रोक मेमइन्फोमधला हार्डवेअरकरप्टेडचा आकडा 4 केबीने वाढलेला, बाहेरून दिसण्यासारखा एवढाच काय तो बदल.

हे चित्र डेटाबेसवर लावून बघा. पोस्टग्रेस बदललेलं पेज राइटने कर्नलच्या पेज कॅशमध्ये (फाइलींच्या रॅममधल्या प्रतींत) टाकतं आणि एफसिंक चेकपॉइंटच्या वेळी (साठलेले बदल डिस्कवर पक्के करताना) करतं. चेकपॉइंटमधलं अंतर मुळात 5 मिनिटांचं असतं आणि पुष्कळ ठिकाणी ते वाढवलेलं असतं. मधल्या काळात ते पेज बिघडलं, शेअर्ड बफरमधली (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशमधली) त्याची प्रत आधीच बाहेर पडलेली असली आणि एखाद्या क्वेरीने ते पुन्हा मागितलं, तर कर्नल डिस्कवरची जुनी आवृत्ती देतो. त्या जुन्या आकड्यावरून उत्तर जातं, कदाचित त्यावर पुढचा व्यवहारही होतो. चेकपॉइंटला ईआयओ येईपर्यंत हे चालू राहतं. माझ्या मते निर्णय इथेच होतो. मशीन काही मिनिटं बंद राहणं मला परवडतं. मशीन चालू राहून काही मिनिटं जुनं उत्तर खरं म्हणून देत राहणं परवडत नाही, कारण त्या मिनिटांत कोणाला काय सांगितलं गेलं ते मागाहून शोधता येत नाही.

पोस्टग्रेसवाल्यांनी आपल्या बाजूने जो निष्कर्ष काढला तोही मला याच दिशेचा वाटतो. एफसिंक एकदा फसला की पुन्हा करून उपयोग नाही, हे 2018 च्या चर्चेत स्पष्ट झालं. फेब्रुवारी 2019 मध्ये आलेल्या 11.2 आणि तिच्या जोडीच्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसताच सर्व्हर स्वतः पॅनिक होऊन वॉलवरून (बदल आधी नोंदवून ठेवलेल्या लॉगवरून) उभा राहतो. शेवट क्रॅशमध्येच होणार असेल तर तो चूक कळल्याच्या क्षणी झालेला काय वाईट? शिवाय क्रॅशमधून उठण्याची वाट ही कुठल्याही डेटाबेसची सर्वांत जास्त घासून तपासलेली वाट असते.

याच जातीची आणखी एक गोष्ट, जुन्या कर्नलवर असाल तर. 5.16 च्या आधी टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टिम) आणि शेअर्ड मेमरीमधलं बिघडलेलं पेज पेज कॅशमधून काढून टाकलं जायचं. मग नंतर येऊन वाचणाऱ्याला शून्यांनी भरलेलं कोरं पेज मिळायचं. आता ते पेज तसंच ठेवून वाचणाऱ्याला एरर दिली जाते. दीर्घ मुदतीच्या जुन्या कर्नलवर 1 ठेवणाऱ्याने ही दुरुस्ती आपल्या वितरणात आली आहे का ते बघून घ्यावं.

0 ची किंमत आहे, आणि ती मी मोजतो. मोकळं पेज बिघडलं तरी पॅनिक, बिनधोक टाकून देता आलं असतं असं क्लीन पेज बिघडलं तरी पॅनिक. वाचनाचंच काम करणाऱ्या, मोठी पेज कॅश बाळगणाऱ्या सर्व्हरवर हा सरळ तोटा आहे. भरपूर रॅमचा सर्व्हर पुन्हा उभा राहायला वेळ घेतो आणि उठल्यावर कॅश थंड असते. सगळ्यांत खटकणारी गोष्ट अशी की कुठलं पेज खराब हे कर्नल रीबूटनंतर विसरतो. तेच पेज पुन्हा वाटपात येतं. विंडोज खराब पेजेसची यादी बूट कॉन्फिगरेशनमध्ये जपून ठेवू शकतं. लिनक्समध्ये तुम्हालाच बूटच्या ओळीत मेममॅप लिहून तो पत्ता वगळावा लागतो. म्हणून 0 निवडायचं तर पॅनिक झालेला सर्व्हर आपोआप कामावर परत घ्यायचा नाही, हा नियम सोबत हवा. आधी डिम (रॅमची पट्टी) बदलायचा किंवा पत्ता वगळायचा, मगच आत. रीबूटचा एक फायदाही आहे. काही सर्व्हरांचं फर्मवेअर बूट होताना डीडीआर4 किंवा डीडीआर5 च्या चिपमधली राखीव ओळ खराब ओळीच्या जागी कायमची बसवतं. चालू मशीनवर हे सहसा होत नाही.

दुरुस्त झालेल्या चुकांचा हिशेब मात्र या वादात ओढू नका. एकाच पेजवर त्या वारंवार येत असतील तर सॉफ्ट ऑफलाइनने त्यातला मजकूर दुसरीकडे हलवून ते पेज निवृत्त करता येतं. डेटा शाबूत असतो, कोणाला सिग्नल जात नाही आणि रिकव्हरी 0 असली तरी हे चालतं. ते चालू ठेवाच. फक्त ह्यूजपेज (मोठ्या आकाराची पेजेस) वापरत असाल तर थोडं सांभाळून, कारण 4 केबीच्या एका पेजसाठी अख्खं ह्यूजपेज मोडलं जाऊ शकतं आणि मोजून राखलेल्या साठ्यात एक कमी पडतं.

तर ज्याच्याकडे चालू रेप्लिका (डेटाची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) आहे, फेलओव्हर (काम तिकडे वळवणं) सरावाचं आहे आणि चुकीच्या उत्तराची भीती बंद सर्व्हरच्या भीतीपेक्षा मोठी आहे, त्याने 0 करून बघायला हरकत नसावी. एकटाच सर्व्हर असेल, मागे कोणी उभं नसेल, तर 1 च बरं. तिथे निदान प्रोक मेमइन्फोमधल्या त्या आकड्यावर अलार्म लावा आणि तो शून्यावरून हलला की डेटाबेस स्वतःहून रीस्टार्ट करा.

0 करणाऱ्यांनी कर्नलखालची पॅनिक ही सेटिंगही त्याच वेळी पाहून घ्यावी. ती 0 असली तर पॅनिकनंतर मशीन रीबूट न होता तसंच अडकून बसतं. मी 10 ठेवतो, म्हणजे दहा सेकंदांनी रीबूट. तेवढ्यात सिरियल कन्सोलवर बिघडलेल्या पेजचा क्रमांक उमटलेला असतो आणि डिम शोधायला सुरुवात तिथूनच होते.