टाचेतली सिस्ट आणि कॅल्शियम सल्फेटची पेस्ट: कुठे चालते, कुठे फसते

टाचेच्या हाडातली साधी सिस्ट, म्हणजे हाडात तयार झालेली द्रवाने भरलेली पोकळी, बहुधा पाय मुरगळला म्हणून काढलेल्या एक्स-रेत अवचित दिसते. ही पोकळी भरायला कॅल्शियम सल्फेटची पेस्ट वापरतात, पण ती मागवण्याआधी पाहायचं ते हे, की एक्स-रेत दिसते ती खरंच सिस्ट आहे का. हाडाच्या पुढच्या भागात, जिथे सिस्ट होते नेमक्या तिथेच, हाडाची जाळी मुळातच विरळ असते आणि एक्स-रेत ती पोकळीसारखी भासते. चरबीची गाठही तिथेच होते. तिच्या मधोमध अनेकदा चुन्याचा ठिपका दिसतो. एमआरआयने हा घोळ मिटतो. दुखत नसलेली लहान सिस्ट नुसती लक्षात ठेवावी. हाडाची पूर्ण रुंदी आणि लांबीचा किमान ३० टक्के भाग व्यापला असेल, तर हाड मोडण्याची भीती धरून उपचाराचा विचार होतो.

आता पेस्टबद्दल. कॅल्शियम सल्फेट म्हणजे मूर्तिकारांचं प्लास्टर ऑफ पॅरिसच, फक्त वैद्यकीय शुद्धतेचं. हाडातल्या पोकळीत ते भरण्याचा प्रयोग १८९२ साली जर्मनीत ड्रीसमान यांनी केला होता. मोठा फायदा असा की पोकळी भरायला कमरेच्या हाडातून तुकडे काढावे लागत नाहीत. ती दुसरी जखमच कित्येकदा टाचेपेक्षा जास्त दुखते.

पण पेस्टचं यश भरण्याआधीच्या कामावर ठरतं. टाचेच्या बाहेरच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडायची, तिथली संवेदनेची नस आणि घोट्यामागून येणारे स्नायुबंध जपायचे, आतलं अस्तर सगळ्या कोपऱ्यांतून खरवडायचं आणि ते पॅथॉलॉजीला पाठवायचंच. अस्तर राहिलं तर सिस्ट परत येते. दोष मात्र पेस्टला लागतो. पोकळी कोरडी हवी, कारण रक्तात ही पेस्ट नीट घट्ट होत नाही. तळापासून भरत वर यायचं, म्हणजे हवा अडकत नाही. दाबून भरली तर ती सांध्यात शिरू शकते, म्हणून सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, नजर हवी.

खरी उणीव पुढे कळते. सल्फेट साधारण ६ ते १२ आठवड्यांत विरघळतं. नवं हाड त्या वेगाने भरलं नाही, तर मधल्या काळात टाच पोकळच राहते. म्हणून पहिले काही आठवडे कुबड्या आणि पायावर भार नाही. यात सूट मागू नये. जखमेतून पातळ पाणी झिरपणं हा या पेस्टचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. ते दरवेळी जंतुसंसर्ग नसतं, पण ताप, लाली किंवा पू असेल तर त्याच दिवशी दाखवावं.

लवकर पाय टेकवणं भाग असलेल्या प्रौढ माणसासाठी आमची पसंती कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटला. ते दाब जास्त सोसतं आणि विरघळतं फार सावकाश, काही वेळा वर्षानुवर्षं एक्स-रेत दिसत राहतं. मूल किंवा तरुण असेल आणि घरी विश्रांती शक्य असेल, तर सल्फेट पुरतं.

कोणता पदार्थ भरला ते पुढे कळावं म्हणून त्याच्या पाकिटावरचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदाला लावून घ्या. तीन महिन्यांनी एक्स-रेत भरलेल्या पदार्थाचा पांढरा भाग नाहीसा झाला, तर सल्फेटच्या बाबतीत ते अपेक्षितच असतं. फॉस्फेट असेल तर डॉक्टरांना कारण शोधावं लागतं.